‘मला काही टेन्शन नाही’ म्हणणाऱ्या मुलीचं पोट का दुखतं?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. घटक चाचणी, तोंडी परीक्षा किंवा गॅदरिंग असलं की सकाळी बेंबीभोवती दुखतं, कधी मळमळतं. रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत काही नाही. विचारलं तर ‘मला काही टेन्शन नाही’ एवढंच उत्तर. धाकटा आठ वर्षांचा मुलगा रडतो, दप्तर आपटतो आणि दहा मिनिटांत खेळायला पळतो. मुलीच्या सोनोग्राफीत ‘पोटात गाठी’ दिसल्या आहेत. आईने तीन गोष्टी विचारल्या आहेत: एकाच घरातल्या दोन मुलांच्या शरीरात इतका फरक का, औषध लागेल का, आणि परीक्षेच्या दिवशी तिने शाळेबाहेर थांबून राहावं का.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमच्या मुलीचं पोट खरंच दुखतं. ‘शाळेच्या दिवशीच दुखतं, म्हणजे बहाणा आहे’ असं घरात कुणी म्हणत असेल तर ते आजपासून बंद करा. शाळेच्या दिवशीच दुखतं, कारण त्या दिवशी तिच्या शरीरात सुट्टीच्या दिवसापेक्षा वेगळं काही घडत असतं.

ताण जाणवला की शरीरात तीन यंत्रणा काम करतात. पहिली काही सेकंदांत जागी होते. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, तळहात ओले होतात, तोंड कोरडं पडतं. दुसरी सावकाश चालते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीला, पिट्युटरीकडून मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो आणि कॉर्टिसॉल वाढतं. लाळेत मोजलं तर ते ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी सर्वांत जास्त सापडतं. या साखळीतलं पहिलं संप्रेरक, सीआरएच, पोटावर दुहेरी परिणाम करतं: जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि मोठं आतडं जोरात हलू लागतं. म्हणून सकाळचं दूध वर तसंच बसून मळमळतं आणि त्याच वेळी खाली मुरडा येतो. काही मुलांच्या आतड्याच्या नसा मुळातच जास्त संवेदनशील असतात. त्यांना साधी हालचालही वेदना म्हणून जाणवते. तिसरी यंत्रणा ब्रेकची. व्हेगस ही नस हृदयाचा वेग खाली आणते आणि पचन पुन्हा सुरळीत करते.

परीक्षेआधी धडधडणं हा बिघाड नाही. जे मूल मन लावून प्रयत्न करतं त्याचं हृदय वेगानेच चालतं. पाहायचं ते एवढंच, की वर गेलेलं शरीर खाली किती वेळात येतं. मूल ताणाशी कसं वागतं याचा परिणाम मुख्यतः या परतीच्या वाटेवर होतो.

मानसशास्त्रज्ञ ब्रूस कॉम्पस यांनी मुलांच्या या वागण्याची मांडणी केली आहे, ती घरातही वापरता येते. पहिला मार्ग भिडण्याचा: अडचण सोडवणं, कुणाला तरी मन मोकळं करणं, स्वतःला शांत करणं. दुसरा जुळवून घेण्याचा: ‘हे माझ्या हातात नाही’ हे मान्य करणं, त्याकडे वेगळ्या नजरेने पाहणं, जाणूनबुजून लक्ष दुसरीकडे वळवणं. तिसरा टाळण्याचा: ‘काही झालंच नाही’ असं वागणं, नाकारणं, ‘पेपरच रद्द झाला तर’ अशा कल्पनेत राहणं. शिवाय काही गोष्टी मूल ठरवून करत नाही, त्या आपोआप होतात: तोच विचार फिरून फिरून येणं, थिजून जाणं.

वारंवार पोट दुखणाऱ्या मुलांवर कॉम्पस आणि सहकाऱ्यांनी काम केलं, त्यात दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्या मुलांना वेदना आणि चिंता कमी आढळली, तर टाळणाऱ्यांना जास्त. कारण समजून घ्या. पोटातला मुरडा इच्छेने थांबवता येत नाही, त्यामुळे त्याच्याशी झटापट करणारं मूल हरतं. तो नाहीच असं म्हणणारं मूलही हरतं, कारण विचार दाबला की तो जास्त वेळा वर येतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली केलेला प्रयोग साधा होता: लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि अस्वल काही डोक्यातून जाईना.

आता तुमच्या मुलीकडे येऊ. ‘मला काही टेन्शन नाही’ हे खोटं बोलणं नव्हे, तिची ताण हाताळायची पद्धत आहे. आपल्याकडे अशा मुलीचं कौतुक होतं: किती समजूतदार, कधी रडत नाही, कधी हट्ट नाही. पण चेहरा शांत ठेवल्याने आतलं शरीर शांत होत नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९० च्या दशकात प्रौढांना दुःखद चित्रफिती दाखवल्या आणि काहींना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका असं सांगितलं. त्यांचं दुःख कमी झालं नाही, अ‍ॅड्रेनलिनवाली यंत्रणा मात्र जास्त चेतवली गेली. ‘मला चिंता नाही’ असं सांगणाऱ्या काही प्रौढांची शरीरं ताणाखाली उघड चिंता करणाऱ्यांहूनही जास्त उसळतात, हे १९७९ सालीच दाखवलं गेलं होतं. मुलांमध्ये अशा दाबलेल्या ताणाला बाहेर पडायला पोट, डोकं आणि झोप या तीन वाटा नेहमीच्या.

पण म्हणून धाकट्याचं आरडाओरडा करणं आदर्श ठरत नाही. तो दहा मिनिटांत मोकळा होतो, कारण रडून झाल्यावर तो विषय सोडतो. रडणं हे कारण समजू नका. रात्रभर तीच तक्रार उगाळणारं मूलही व्यक्तच होत असतं, आणि त्याचं शरीर खाली येत नाही. मैत्रिणींनी पेपरनंतर एकत्र बसून ‘तुला काय आलं, माझं चुकलं’ करत तासभर घोळणं याच प्रकारात मोडतं. त्याने मैत्री घट्ट होते, पण ताण लांबतो.

लक्ष वळवणं आणि टाळणं यांत पालकांची फार गल्लत होते. ‘पेपर आहे, पोटात गोळा आलाय, दहा मिनिटं चित्र काढते आणि मग निघते’ हे लक्ष वळवणं. ‘पोट दुखतंय, आज जातच नाही’ हे टाळणं. पहिल्यात मूल शेवटी शाळेत पोचतं. दुसऱ्यात पोट अर्ध्या तासात थांबतं, आणि तिथेच घोटाळा होतो: न जाण्याने बरं वाटतं हे शरीर शिकतं, पुढच्या वेळी दुखणं लवकर आणि जोरात येतं.

आता औषधाचं. अशा दुखण्याला फंक्शनल पोटदुखी म्हणतात. महिन्यातून निदान चार वेळा, निदान दोन महिने दुखत असेल आणि तपासणीत दुसरं कारण सापडत नसेल, तर हे निदान होतं. ते करण्याआधी बालरोगतज्ज्ञांनी एकदा नीट तपासायलाच हवं. पुढच्यापैकी काहीही असेल तर ‘टेन्शनमुळे’ म्हणून सोडून देऊ नका: वजन घटणं किंवा उंची न वाढणं, शौचातून रक्त, हिरवी किंवा वारंवार उलटी, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, रेंगाळणारा ताप, गिळताना त्रास, सांधे सुजणं, लघवीला जळजळ, दुखणं बेंबीपासून दूर एका बाजूला असणं, घरात कुणाला आतड्याचा दाह किंवा सीलियाक (गहू न सोसणारा आतड्याचा आजार) असणं. या वयाच्या मुलीत पाळी जवळ आली आहे का, हेही डॉक्टर विचारतील.

सोनोग्राफीतल्या गाठींबद्दल. आतड्याच्या पडद्यातल्या लहान लसिका गाठी (लिम्फ नोड) निरोगी मुलांतही सर्रास दिसतात. लहान बाजूने ८ मिलिमीटरपर्यंतच्या गाठी, सोबत ताप नाही, वजन ठीक, रक्ततपासणी साधी, तर त्या दुखण्याचं कारण धरू नयेत. अशा रिपोर्टवरून घरात टीबीची कुजबुज सुरू होते आणि मूल ते ऐकतं. त्या क्षणापासून प्रत्येक मुरडा तिला आजाराची खूण वाटतो. रिपोर्ट डॉक्टरांकडून एकदा तिच्या समोरच समजावून घ्या आणि दर दोन महिन्यांनी सोनोग्राफी करत बसू नका. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवण्यातही अर्थ नाही. कॉर्टिसॉलची तपासणी तर स्वतःहून करूच नका: ते सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आपोआप चढतं आणि रात्री उतरतं, एका नमुन्यावरून मुलाचा ताण कळत नाही. दीर्घकाळ फार कठीण परिस्थितीत राहिलेल्या मुलांत तर त्याची दैनंदिन चढउतार सपाट होते. त्या सपाटपणाला शांतपणा समजणं फार चुकीचं.

बद्धकोष्ठता मात्र नक्की पाहा. शाळेतली शौचालयं नकोशी वाटतात म्हणून अनेक मुली सकाळपासून पाणी कमी पितात आणि दिवसभर रोखून धरतात. नाश्त्यानंतर दहा मिनिटं शौचाला बसायची सवय लावा. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट द्या. बऱ्याच घरांत दुखणं एवढ्यानेच कमी होतं.

यानंतर दोन आठवडे एका वहीत नोंद ठेवा. किती वाजता दुखलं, त्याआधी काय झालं, तिने पहिल्या दहा मिनिटांत काय केलं, मोठ्यांनी काय केलं, किती वेळात थांबलं. वेदनेला ० ते १० आकडा रात्री एकदाच विचारा. दिवसभर ‘दुखतंय का गं?’ विचारू नका. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या लिन वॉकर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना पोट पूर्ण भरेपर्यंत पाणी प्यायला दिलं. नंतर काही आयांनी दुखण्याकडेच लक्ष दिलं, काहींनी गप्पा दुसरीकडे वळवल्या, काहींना काहीच सांगितलं नव्हतं. सूचना नसलेल्या गटाच्या तुलनेत लक्ष देणाऱ्या आयांच्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, गप्पा वळवणाऱ्यांच्या निम्म्यावर आल्या. गंमत म्हणजे दुखऱ्या मुलांच्या आयांना वाटत होतं की लक्ष वळवल्याने मुलाला वाईट वाटेल. मुलांनी मात्र त्यानेच बरं वाटल्याचं सांगितलं.

तेव्हा सकाळचं बोलणं असं ठेवा: ‘दुखतंय ना, कळलं मला. पोटावर हात ठेवून पाच मिनिटं श्वास घे, मग मला वेणी घालायला बोलव.’ एकदा दखल, एक कृती, मग पुढचं काम. बेंबीला हिंग लावणारी आजी घरात असेल तर लावू द्या, उबदार हाताचा स्पर्श कामाचा आहे. फक्त तिने शेजारी बसून पुन्हा पुन्हा विचारपूस करू नये.

श्वासाचा सराव ही तिला द्यायची पहिली वस्तू. ४ सेकंद नाकाने आत, ६ सेकंद सावकाश बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, आणि तेही ती शांत असताना. धाकट्याला ३ आत, ४ बाहेर पुरे. उताणं झोपवून पोटावर वाटी ठेवा आणि ती वर-खाली होते का बघायला सांगा. श्वास सोडताना व्हेगसचा ब्रेक लागतो, म्हणून सोडणं लांब. इथे नेहमीच्या चुका तीन. मूल खूप मोठे श्वास घेतं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि ते घाबरून सोडून देतं. उपाय म्हणजे श्वास लहान, फक्त हळू. दुसरी, श्वास रोखून धरायला लावणं, गरज नाही. तिसरी सगळ्यांत मोठी: परीक्षेच्या सकाळीच पहिल्यांदा शिकवणं. तीन आठवडे सराव झाल्याशिवाय ऐन वेळी हे चालत नाही.

सोबत स्नायू ढिले करणं शिकवा. मुठी सहा सेकंद घट्ट, मग पंधरा-वीस सेकंद सैल. तसंच खांदे, पोट, पायाची बोटं. शांत चेहऱ्याच्या मुलांना आपण आवळून बसलोय हेच कळत नसतं. त्यांच्यासाठी हा भाग श्वासाहूनही महत्त्वाचा.

भावना थेट विचारू नका. ‘तुला कसली भीती वाटते?’ म्हटलं की ‘कसलीच नाही’ येणार. शरीरापासून सुरुवात करा: ‘आत्ता छाती धडधडते की हात गार पडलेत?’ याचं ती उत्तर देईल, कारण त्यात कमीपणा नाही. पुढच्या आठवड्यात त्या धडधडीला नाव द्या: ‘शरीर तयारी करतंय.’ जेरेमी जेमिसन यांच्या २०१० च्या अभ्यासात धडधड कामगिरीला मदत करते असं आधी सांगितलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी गणिताचे पेपर इतरांहून चांगले सोडवले. मूल घाबरून थरथरत असताना मात्र हे वाक्य टाकू नका, ते उपदेशासारखं लागतं. धाकट्याला तर हे अजून जमणारही नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांना कृतीने लक्ष वळवणं जमतं, विचार बदलणं दहा-अकराच्या पुढे हळूहळू येतं.

मग एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. एका बाजूला ‘माझ्या हातात’, दुसऱ्या बाजूला ‘माझ्या हातात नाही’. डावीकडे येईल: रात्रीच कंपास आणि दप्तर भरणं, कच्ची दोन प्रकरणं, पेपर आधी पूर्ण वाचणं. उजवीकडे: पेपर किती अवघड, बाई कुणाला पहिलं उभं करतील, मैत्रिणीला किती मार्क. डावीकडच्या ओळींना भिडायचं, उजवीकडच्यांना जुळवून घ्यायचं. चुकीच्या बाजूला चुकीचा मार्ग वापरला की शरीर जास्त वेळ तापलेलं राहतं. आईवडिलांची भांडणं हे याचं सगळ्यांत दुखरं उदाहरण. ती ‘सोडवायला’ जाणारं मूल कायम सावध राहतं, कारण ती सोडवणं त्याच्या हातात नसतंच. तिथे दुसऱ्या खोलीत निघून जाणं शहाणपणाचं, आणि ‘हे आमचं आहे, तुझ्यामुळे नाही, आम्ही बघू’ हे वाक्य मोठ्यांनी उच्चारायला हवं.

शाळेत जायचं की नाही याचा नियम आधीच ठरवून फ्रीजवर लावा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, उलटी किंवा जुलाब, तर घरी. नुसतं दुखत असेल तर पंधरा मिनिटं आडवं पडून मग शाळा. उशिरा गेलं तरी चालेल, अर्धा दिवसही चालेल. घरी राहिलीच तर टीव्ही-मोबाइल नाही, शाळा सुटेपर्यंत अंथरूण आणि पुस्तक. ही शिक्षा नाही, घरचा दिवस शाळेहून गोड होऊ नये एवढाच हेतू. वर्गशिक्षकांना सांगून ठेवा: दुखलं तर दहा मिनिटं बाजूला बसू द्या, पाणी द्या, मग वर्गात परत, लगेच घरी फोन नको.

सकाळ अर्ध्या तासाने अलीकडे ओढा. निघायच्या पाच मिनिटं आधी पेलाभर दूध संपवायला लावलं, तर मंदावलेलं जठर ते परत पाठवणारच. केळं, मऊ भात किंवा थोडा उपमा, निघण्याच्या निदान पाऊण तास आधी. झोप या वयाला ९ ते १२ तास.

हे सगळं सहा ते आठ आठवडे करा. आधी चुकणाऱ्या शाळेचे दिवस कमी होतात, दुखणं त्यानंतर. पालक नेमका हा क्रम उलटा धरतात आणि तिसऱ्या आठवड्यात ‘दुखतंय तर अजूनही’ म्हणून सोडून देतात. वहीत ‘किती वेळात थांबलं’ हा रकाना आधी लहान व्हायला लागतो, तो पाहा.

एक शक्यता मात्र आधी तपासून घ्या. दुखणं अचानक सुरू झालं असेल, एका ठरावीक तासाला, एका शिक्षकांच्या दिवशी किंवा स्कूल व्हॅनच्या वेळीच होत असेल, तर तिला श्वास शिकवण्याआधी तिथे काय चाललंय ते शोधा. कुणी छळत असेल किंवा नको तसा स्पर्श करत असेल तर उपाय मोठ्यांनी करायचा असतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा मोफत क्रमांक आहे. सलग दोन आठवडे शाळा बंद पडली, खाणं सुटलं, किंवा ‘मी नसले तर बरं’ असं काही निघालं, तर बालमानसतज्ज्ञांकडे जायला थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ क्रमांक रात्रीही चालतो.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. लहान मुलांत पालकाची सोबत कॉर्टिसॉलची उसळी खरोखर कमी करते. भाषणाची तयारी करताना आई किंवा वडील शेजारी असले तर नऊ-दहा वर्षांच्या मुलांना याचा फायदा झाला, पंधरा-सोळाच्या मुलांना नाही, असं मेगन गनर यांच्या गटाने २०१५ साली दाखवलं. तुमची मुलगी या दोन वयांच्या मधे आहे, म्हणून तिलाच विचारा, आणि उत्तर ‘नको’ आलं तर रागावू नका. फाटकाबाहेर तीन तास उभं राहण्याची गरज नाही. पेपर सुटल्यावर फोन करा, आणि मेसेज नव्हे, फोनच: विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लेस्ली सेल्टझर यांनी ७ ते १२ वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर बोलायला आणि गणितं करायला लावलं, तेव्हा नंतर आईचा नुसता आवाज फोनवर ऐकूनही कॉर्टिसॉल जवळजवळ मिठीइतकंच उतरलं, नंतरच्या अभ्यासात लिखित संदेशाने तसं झालं नाही. फोनवर पहिला प्रश्न ‘कसा गेला पेपर?’ हा नको. ‘डबा खाल्लास का?’ विचारा, आणि पेपरचं तिने काढलं तरच बोला.